टॉवेल कोणी टाकला?

ब्राझिलियन जुजुत्सु शिकायला गेलात की पहिल्याच दिवशी हरायचं कसं ते शिकवतात. समोरच्याच्या अंगावर हाताने दोन-तीनदा थापटायचं, म्हणजे 'टॅप' करायचं. त्याने पकड लगेच सोडायची, हात मिळवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आपल्या कुस्तीत हरलेल्याला काही सांगावं लागत नाही. पाठ मातीला लागली की पंच सांगतो, आखाड्याभोवतीचे लोक तर त्याच्याही आधी सांगतात. इथे मात्र आपण हरलो हे आपणच जाहीर करायचं असतं, आणि वेळेवर जाहीर करायचं असतं.

आता "वेळेवर" म्हणजे कधी? नव्या माणसाला विचारा, तो म्हणेल "दुखायला लागलं की". ऐकायला बरोबर वाटतं. पण सांध्यांच्या पेचांबाबत हे उत्तर चुकीचं आहे, आणि ते चुकीचं आहे हे कळायला या खेळाला जवळजवळ शंभर वर्षं लागली. मी शनिवारी सकाळी मॅटवर लोळतो आणि दुपारी जुन्या लढतींबद्दल वाचतो, त्यामुळे आजचा विषय हाच.

आधी थोडं तांत्रिक. बीजेजेमध्ये हरवायचे मुख्य मार्ग दोन, गळा आवळणं आणि सांधा पिरगाळणं. गळा आवळल्यावर टॅप केलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. पंच जागा असेल तर पकड सुटते, आणि माणूस काही सेकंदांत डोळे उघडून "काय झालं?" विचारतो. अर्थात हे काही करून बघायची गोष्ट नाही, पण हट्टाची किंमत बहुतेक वेळा तेवढीच असते. सांध्याचं तसं नाही. कोपर उलट्या बाजूला वाकायला लागलं की "जरा ताण बसतोय" आणि "लिगामेंट गेलं" यांच्यात कधीकधी अर्ध्या सेकंदाचंही अंतर नसतं. आणि गेलेलं लिगामेंट डोळे उघडून काही विचारत नाही, सहा महिने घरी बसवतं.

ही गोष्ट सगळ्यात आधी ओळखली ती जिगोरो कानोने. त्याने १८८२ साली तोक्योत एका बौद्ध मंदिराच्या आवारात कोदोकान सुरू केलं आणि जुन्या जुजुत्सुमधून ज्युदो घडवला. जुन्या जुजुत्सुत बोटं, मनगट, घोटा, गुडघा सगळ्यांचे पेच होते. पण कानोला रोज पूर्ण जोर लावून सराव करणारी मुलं हवी होती, आणि रोज जोर लावायचा तर उद्या सकाळी सांधे जागेवर असायला हवेत. १८९९ पासून स्पर्धेच्या नियमांत एकेक सांधा वगळत गेले आणि १९२५ पर्यंत फक्त कोपर उरलं. ज्युदोत हार मानायची पद्धतही ठरलेली आहे. हाताने किंवा पायाने दोनदा थापटायचं, नाहीतर तोंडाने "माइत्ता" म्हणायचं. माइत्ता म्हणजे "हरलो".

कानोचा एक शिष्य, मित्सुयो माएदा, १९१४ साली ब्राझीलला पोचला आणि पुढे बेलेम शहरात स्थायिक झाला. तिथे त्याच्याकडे कार्लोस ग्रेसी नावाचा मुलगा शिकला. कार्लोसने भावांना शिकवलं, आणि त्यातला धाकटा, किरकोळ अंगाचा एलिओ पुढे सगळ्यात प्रसिद्ध झाला. ब्राझिलियन जुजुत्सुचा उगम थोडक्यात हा असा.

आता मुख्य लढत. २३ ऑक्टोबर १९५१, रिओचं माराकाना स्टेडियम. एका बाजूला ३८ वर्षांचा एलिओ ग्रेसी. दुसऱ्या बाजूला ३४ वर्षांचा मासाहिको किमुरा, त्या काळातला जपानचा सगळ्यात जबरदस्त ज्युदोपटू, वजनानेही बराच भारी. महिनाभरापूर्वी एलिओने कातो नावाच्या जपानी ज्युदोपटूला गळा आवळून हरवलं होतं, त्यामुळे ब्राझीलच्या लोकांना आशा होती. प्रत्यक्षात किमुराने एलिओला हवं तसं फेकलं. दुसऱ्या फेरीत त्याने एलिओचा डावा हात पकडला, मनगट धरून पाठीमागे पिरगाळला आणि वाट बघितली. एलिओ टॅप करेना. किमुराने आपल्या आत्मचरित्रात लिहिलंय की हाड मोडल्याचा आवाज आला, तरी एलिओने हार मानली नाही. त्याने आणखी पिरगाळलं, पुन्हा आवाज आला. तरीही नाही. तो तिसऱ्यांदा जोर लावणार इतक्यात रिंगमध्ये पांढरा टॉवेल येऊन पडला. टाकणारा होता मोठा भाऊ कार्लोस.

या पेचाचं ज्युदोतलं नाव 'उदे-गारामी'. ब्राझीलच्या लोकांनी त्याला 'किमुरा' म्हणायला सुरुवात केली आणि आज जगभरच्या मॅटवर तेच नाव चालतं. ज्याने आपल्या माणसाचा हात मोडला त्याचं नाव डावाला द्यायचं, यात दिलदारपणा आहे. मला तो मनापासून आवडतो.

पण दुसरा वारसा जरा अवघड आहे. हरूनही एलिओ वीर ठरला, कारण त्याने टॅप केलं नाही. गोष्ट पुढच्या पिढीला सांगताना "एलिओने टॅप केलं नाही" हे वाक्य मोठं होत गेलं आणि "कार्लोसने टॉवेल टाकला" हे वाक्य बारीक होत गेलं. याचा हिशेब चुकता झाला पन्नासेक वर्षांनी, आणि तोही जपानमध्येच.

२१ नोव्हेंबर १९९९ला तोक्योत एलिओचा मुलगा रॉयलर काझुशी साकुराबाशी लढत होता. शेवटची दीड-दोन मिनिटं उरलेली. साकुराबाने लावला तो नेमका किमुरा! रॉयलरने टॅप केलं नाही, म्हणून पंचाने लढत थांबवली. ग्रेसी मंडळी भडकली. टॅप नाही म्हणजे हार नाही, हा त्यांचा मुद्दा. पुढच्या वर्षी १ मे २०००ला दुसरा मुलगा रॉयस साकुराबाशी लढला तेव्हा त्यांनी अटच घालून घेतली की पंचाने मध्ये पडायचं नाही, आणि फेऱ्यांना मर्यादा नको. १५-१५ मिनिटांच्या सहा फेऱ्या झाल्या. नव्वद मिनिटांनंतर लाथा खाऊन रॉयसचा पाय काम देईना, आणि शेवट कशाने झाला? टॉवेलने. तो टाकला मोठा भाऊ रोरियोनने. म्हणजे पंचाला बाजूला केलं तरी कोणीतरी थांबवावं लागतंच.

त्याच वर्षी २७ ऑगस्टला रेन्झो ग्रेसी उभा राहिला. रेन्झो हा टॉवेल टाकणाऱ्या कार्लोसचा नातू. लढत संपत आली होती. साकुराबाने उभ्या-उभ्याच किमुरा धरला, गिरकी घेतली आणि रेन्झोचं कोपर निखळलं. त्यानेही टॅप केलं नाही. नंतर मात्र माइक घेऊन त्याने कुठलीही सबब न सांगता साकुराबाचं कौतुक केलं. माणूस म्हणून तो मोठाच. पण कोपराला हे कोण समजावणार!

ही काही ग्रेसींचीच खोड नाही. आपल्या ओळखीच्या घराण्यातलंही एक उदाहरण आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान १९१२ साली सुरू झालं तेव्हा तिथे लढलेला इमामबक्ष म्हणजे गामा पहिलवानाचा धाकटा भाऊ. फाळणीनंतर हे घराणं पाकिस्तानात गेलं. इमामबक्षचा मुलगा अक्रम १२ डिसेंबर १९७६ला कराचीत जपानच्या अँटोनियो इनोकीशी लढला. इनोकीने याच जातीची पकड लावली. पाश्चात्त्य कॅच कुस्तीत तिला 'डबल रिस्टलॉक' म्हणतात. अक्रमने हार मानली नाही, त्याचा हात कामातून गेला आणि लढत थांबवावी लागली. कुस्तीत चीतपट होणं ही हार. हात पिरगाळला म्हणून हरायचं, ही कल्पनाच त्या मातीत नव्हती. आयुष्यभर मुरलेल्या पहिलवानाला एका संध्याकाळीत नवी भाषा कशी येणार? एलिओ आणि रेन्झोला ती भाषा येत होती, फरक असलाच तर एवढाच.

आता विरुद्ध बाजूचं उदाहरणही द्यायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल सोयीचे तेवढेच वेचले. २००४च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत (ओपन वजनगट) रॉजर ग्रेसीने जाकारेला आर्मबार लावला. हात गेला, पण जाकारे निसटला. मोडका हात पट्ट्यात खोचून त्याने उरलेला वेळ काढला, आणि गुणांवर आघाडी असल्यामुळे तो विश्वविजेता झाला. म्हणजे टॅप न करून कधीच काही मिळत नाही, असं म्हणता येत नाही. पण गुणफलक आणि घड्याळ बघून, किंमत माहीत असताना केलेला तो सौदा होता. मंगळवारच्या क्लासमध्ये तुमच्या-माझ्यासमोर कुठलं विश्वविजेतेपद असतं?

त्याच वर्षी १९ जूनला यूएफसीच्या हेवीवेट लढतीत फ्रँक मीरने टिम सिल्वियाला आर्मबार लावला आणि पन्नास सेकंदांत पंच हर्ब डीनने लढत थांबवली. सिल्विया ओरडतोय "मला काही झालं नाही", प्रेक्षक हुर्यो उडवतायत. मग मोठ्या पडद्यावर पुन्हा दाखवलं, आणि कोपराखालचं हाड मोडताना सगळ्यांना दिसलं. सिल्वियाने पुढे डीनचे आभारच मानले. मला हा प्रसंग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे हट्टाचाही प्रश्न शिल्लक राहत नाही. हाड मोडलेला माणूस शपथेवर सांगत होता की काही झालं नाही! अंगात लढतीची नशा असताना वेदना हा भरवशाचा निरोप्या नाही.

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरल्यावर वाजणारा अलार्म काय कामाचा? तोपर्यंत डेटाबेस पडलेला असतो. अलार्म लावायचा तो "अजून आवरायला वेळ आहे" अशा टप्प्यावर. सांध्याचंही तेच. वेदनेवर टॅप करायचं नाही, परिस्थितीवर करायचं.

आर्मबारमध्ये हात सरळ झाला, कोपर समोरच्याच्या मांड्यांमध्ये अडकलं आणि आपल्याला ते फिरवून सोडवता येत नाही, की टॅप. त्याने कंबर वर उचलेपर्यंत थांबायचं नाही. किमुरामध्ये आपला पंजा पाठीमागे जाऊन वर सरकू लागला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवता येत नाही, की टॅप. 'हील हुक'मध्ये तर टाच पकडली गेली आणि गुडघा त्याच्या पायांमधून निघत नाही, एवढं कळलं तरी पुरे. तिथे टाचेचा दांडा करून गुडघा पिळतात. वेदना यायच्या आधीच लिगामेंट जाऊ शकतं. म्हणूनच आयबीजेजेएफ या मोठ्या संघटनेने हील हुकला २०२१ मध्ये परवानगी दिली तीही फक्त नो-गी प्रकारात, प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना. आणि त्यांच्या नियमांत पंचाला धोका दिसला तर टॅपची वाट न बघता लढत थांबवायचा अधिकार आहे. १९९९ला ज्यावरून एवढी भांडणं झाली, तीच गोष्ट आज नियमपुस्तकात आहे.

टॅप करायचं ते समोरच्याच्या अंगावर, त्याला जाणवेल असं. हात अडकले असतील तर पायाने आपटायचं, नाहीतर सरळ तोंडाने ओरडायचं. त्यात लाज कसली, कानोच्या शिष्यांनाही ते चालत होतं.

आणि एक गंमत बघा. रेन्झोने पुढे न्यूयॉर्कमध्ये मोठी अकादमी चालवली. तिच्याच तळघरात जॉन डॅनहरच्या शिष्यांनी पायांच्या पेचांचा, विशेषतः हील हुकचा, असा अभ्यास केला की सगळ्या खेळाची दिशा बदलली. आता विचार करा, हील हुकचा रोज सराव कधी शक्य आहे? पकडणारा पकडून थांबतो आणि पकडलेला लगेच टॅप करतो तेव्हाच. कोपर निखळेपर्यंत टॅप न करणाऱ्याच्याच घरी ही विद्या वाढली, आणि ती वाढली लवकर टॅप करणाऱ्यांमुळे.

एलिओने १९९४ साली एका मुलाखतीत सांगितलं होतं की त्या लढतीत आधी गळा आवळला गेला तेव्हा तो बेशुद्धच झाला होता. किमुराला ते कळलं नाही, त्याने पकड बदलली आणि एलिओ पुन्हा शुद्धीवर आला. म्हणजे टॅप न करण्याच्या त्या प्रसिद्ध निश्चयात थोडा भाग नशिबाचाही होता. एलिओ २००९ मध्ये वारला, ९५ वर्षांचा होऊन. इतकी वर्षं तो मॅटवर राहिला त्याला एक कारण मला असंही दिसतं, की त्या रात्री तिसऱ्यांदा हात पिरगाळला जाण्याआधी कोणीतरी त्याच्या वतीने टॅप केलं.

एलिओच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. पण नव्या मुलांना ही गोष्ट सांगताना कार्लोसचं नाव गाळू नका. माराकानावर योग्य निर्णय त्याने घेतला होता. आपल्या कोपऱ्यात दर वेळी मोठा भाऊ टॉवेल घेऊन उभा असेलच असं नाही. म्हणून तो टॉवेल आपल्याच हातात आहे असं समजून खेळायचं.

असो. खांदा थोडा आखडलाय, शेकायला जातो :)