बार्शी लाईटचा साहेब आणि हवेतला झटका

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर या पट्ट्यात 'बार्शी लाईट' माहीत नसलेला जुना माणूस सापडणं कठीण. ही छोटी रेल्वे उभी करणारा इंजिनियर म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. 1882 साली तो जी.आय.पी. रेल्वेच्या नोकरीत भारतात आला आणि 1897 मध्ये बार्शी लाईटचा पहिला टप्पा सुरू झाला. याच माणसाने पुढे इंग्लंडमध्ये पॅराशूट बनवलं, हे मात्र आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. साहेबाला अरबी घोड्यांचा मोठा शौक होता, घोड्यांवर त्याने एक पुस्तकही लिहिलं. पण तो विषय पुन्हा कधीतरी.

पॅराशूट म्हटलं की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अब्बास इब्न फिरनासचं नाव येतंच. नवव्या शतकातल्या कुर्तुब्याचा हा विद्वान पंख लावून उडाला आणि उतरताना जखमी झाला, असं अल-मक्करीने लिहून ठेवलं आहे. पण अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे घटनेनंतर साडेसातशे वर्षांनी लिहिणारा. शिवाय ती गोष्ट पंखांची आहे, पॅराशूटची नाही. इब्न फिरनासची थोरवी मोठी आहे. तिला उसन्या दाव्यांची गरज नाही.

तर कॅलथ्रॉप. बार्शी लाईटची खुबी तिच्या अडीच फुटी गेजपेक्षा भाराच्या हिशेबात होती. हलके, स्वस्त रूळ टाकायचे तर जड गाडी चालणार नाही. म्हणून त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. भार तेवढाच राहिला, फक्त तो वाटला गेला. त्यामुळे अशक्त रुळांवरूनही बरीच मोठी गाडी धावू लागली.

1910 च्या जुलैमध्ये त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉईसमधला रोल्स, विमान कोसळून मेला. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव 'गार्डियन एंजल'. ते विमानाला बांधलेलं असे आणि उडी मारणाऱ्याच्या वजनाने बाहेर ओढलं जाई. तेव्हा सगळ्यांना एकच धास्ती होती: वेळेत उघडेल का? 1917 मध्ये मेजर ऑर्ड-लीसने लंडनच्या टॉवर ब्रिजवरून, जेमतेम दीडशे फुटांवरून, हेच पॅराशूट घेऊन थेम्समध्ये उडी मारली. शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतला हा माणूस. त्याला भीती कशाची असणार! एवढं करूनही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना पॅराशूट मिळालं नाहीच. 1918 मध्ये इटलीच्या आघाडीवर शत्रूच्या मुलुखात हेर उतरवायला मात्र ते वापरलं गेलं.

28 एप्रिल 1919 रोजी अमेरिकेत डेटनजवळ लेस्ली आयर्विनने पॅराशूट पाठीवर बांधून उडी घेतली आणि विमानापासून सुटल्यावर स्वतःच्या हाताने ते उघडलं. इथून प्रश्नाचं रूप पालटलं. माणूस मोकळा पडू लागला की वेग वाढत जातो. पोट खाली करून, हातपाय पसरून पडणारा माणूस ताशी सुमारे 200 किलोमीटरला पोहोचतो. त्या वेगात पॅराशूट फटकन उघडलं तर?

वर्गात करतो तसा हिशेब करून पाहू. ताशी 200 म्हणजे सेकंदाला साधारण 55 मीटर. पॅराशूट उघडल्यावर वेग उरतो सेकंदाला सुमारे 5 मीटर. मधले 50 मीटर अर्ध्या सेकंदात घालवायचे तर शरीरावर सरासरी दहा पट वजनाएवढा ताण येतो. तेच चार सेकंदांत घालवले तर जेमतेम सव्वा पट. दोन्हींत माणसाचं स्वतःचं वजन वेगळं धरायचं. दहा पटींच्या झटक्यात मान आणि मणका दुखावतो. अशा झटक्यांनी माणसं मेलीही आहेत. म्हणजे पुन्हा बार्शी लाईटचाच हिशेब, फक्त इथे भार आसांऐवजी क्षणांवर वाटायचा.

हे वाटप करायचं कसं, याचं पहिलं मोठं उत्तर 1940 मध्ये मँचेस्टरजवळच्या रिंगवे विमानतळावर मिळालं. ब्रिटिश सैन्य तिथे छत्रीधारी सैनिक तयार करत होतं. त्यांच्या आयर्विन पॅराशूटमध्ये आधी छत्र बाहेर पडे, मग दोऱ्या. छत्र हवा धरू लागे तेव्हा दोऱ्या अजून सैल असत. त्या ताणल्या गेल्या की अंगाला हिसका बसे आणि मधल्या वेळात गुंता होण्याचाही धोका असे. 25 जुलै 1940 रोजी इव्हान्स नावाचा सैनिक असाच छत्र-दोऱ्यांच्या गुंत्यात सापडून मेला. मग रेमंड क्विल्टरने वेगळ्या पिशवीची योजना आणली. आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जातील आणि त्यानंतरच पिशवीतून छत्र निघेल. कापड बरंचसं तेच, क्रम तेवढा उलटा. हेच पुढचं 'एक्स-टाईप' पॅराशूट. अमेरिकन सैनिकांच्या टी-5 मध्ये युद्धभर छत्रच आधी निघत राहिलं आणि त्याचा हिसका कुप्रसिद्ध होता. 1950 च्या दशकात टी-10 आल्यावर तिथेही दोऱ्या आधी निघू लागल्या.

रिंगवेला ही पॅराशूटं घडी करून बांधत होत्या हवाई दलाच्या महिला शाखेतल्या मुली. उड्यांच्या इतिहासात त्यांच्यावर एखादं वाक्य असतं, यापलीकडे काही नाही. ब्रिटिश सैनिकाजवळ युद्धात दुसरं, राखीव पॅराशूट नसे. त्याचा सगळा भरवसा त्या घडीवर.

खेळ म्हणून स्कायडायव्हिंग वाढलं तेव्हा छत्र लांब कापडी बाहीत घालायची पद्धत आली. 1960 च्या दशकात पतंग बनवणाऱ्या डोमिना जॅल्बर्टने चौकोनी, कप्प्याकप्प्यांचं छत्र काढलं. पुढून हवा भरली की ते पंखासारखं होतं आणि हवं तिकडे वळवता येतं. पण हे छत्र गोल छत्रापेक्षा फारच झटक्याने उघडे. त्याला आवरण्यासाठी दोऱ्या, कड्या, काय काय करून पाहिलं गेलं. शेवटी टिकला तो स्लायडर. हा कापडाचा एक चौकोनी तुकडा, चार कोपऱ्यांना चार धातूच्या कड्या, कड्यांतून छत्राच्या दोऱ्या. छत्र पसरू पाहतं तेव्हा दोऱ्या फाकतात आणि स्लायडरला खाली ढकलतात. खालून येणारा वारा त्याला वर दाबून धरतो. या रस्सीखेचीत तीन-चार सेकंद जातात, आणि तेवढेच हवे असतात. मला विचाराल तर विमानविद्येतल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात हुशार शोधांत याची गणना व्हावी.

अर्थात तो जागेवर असेल तर. घडी घालताना स्लायडर छत्राला टेकेपर्यंत वर नेलेला नसेल, तर छत्राला पसरायला मोकळीक मिळते आणि सगळं एकदम उघडतं. दोऱ्यांच्या गुंडाळ्या रबरांत घट्ट बसवाव्या लागतात. रबर सैल झालं की दोऱ्या भसकन सुटतात, पिशवी वेळेआधी छत्रावरून निघते आणि रिंगवेचा जुना हिसका परत येतो. हिसका फार बसत असेल तर कुणी मोठा स्लायडर लावतात, कुणी छत्राचं पुढचं तोंड गुंडाळून आत खोचतात, म्हणजे हवा सावकाश शिरते. पिशवी ओढून काढणारं छोटं पायलट छत्र गरजेपेक्षा मोठं असेल तर तेही बदलतात. डोकं खाली करून वेगाने पडणाऱ्याने उघडण्याआधी आडवं होऊन वेग उतरवायचा असतो.

दोऱ्यांचीही निवड असते. जुन्या डेक्रॉनच्या दोऱ्या जाड, पण थोड्या ताणतात आणि झटका पिऊन टाकतात. स्पेक्ट्राच्या बारीक असतात, हवेला कमी अडवतात, पण ताणत जवळपास नाहीतच. वर स्लायडरच्या कड्या दर उडीला घासून त्यांना तापवतात आणि त्या हळूहळू आखडतात. घर्षण ज्या दोऱ्यांवर जास्त, त्या जास्त आखडतात. छत्राचा तोल बिघडतो आणि वर्षभर मऊ उघडणारं पॅराशूट अचानक हिसके देऊ लागतं. अशा वेळी लोक घडी घालणाऱ्याला दोष देतात. खरं तर सगळ्या दोऱ्या काढून, मापून, नव्या घालायची वेळ झालेली असते.