वारा, इंधन आणि कोनमापक

भूमितीच्या तासाला मुलें नेहमीं विचारीत, "मास्तर, हे कोन मोजून पुढें उपयोग काय?" त्या प्रश्नाचें एक उत्तर मोटारगाडीच्या इतिहासांत आहे. तें आज सांगतों.

इंजिनास हवा व पेट्रोल ठराविक प्रमाणांत लागतें. पूर्वीं हें काम कार्बुरेटर करी. त्यांत हवेच्या ओढीनेंच पेट्रोल खेचलें जाई, म्हणून दोहोंचा मेळ बहुतेक आपोआप बसे. जर्मनींतील बॉश कारखान्यानें १९२७ सालीं डीझेल इंजिनांसाठीं इंधन दाबानें फवारणारे पंप मोठ्या प्रमाणावर बनविण्यास आरंभ केला. ती विद्या पुढें विमानांच्या इंजिनांत शिरली, आणि १९५४ सालीं मर्सिडीज-बेंझच्या ३०० एसएल गाडींत अवतरली. शक्ति वाढली; परंतु हवा एका वाटेनें व पेट्रोल दुसऱ्या वाटेनें येऊं लागलें. दोन बैल बरोबर चालावयाचे, तर जूं सरळ हवें!

तें जूं म्हणजे थ्रॉटलच्या दांड्या. १९६९ च्या नमुन्याच्या पोर्शे ९११ एस गाडीचें उदाहरण घ्या. सहा सिलिंडरांस सहा झडपा. पाय दाबला कीं दांड्या झडपा उघडीत, आणि त्याच वेळीं पंपाची तरफ फिरवीत. तरफ झडपांच्या पुढें धांवली तर पेट्रोल अधिक होऊन काळा धूर निघे. मागें राहिली तर इंजिन अडखळे. अशा वेळीं उतावळा कारागीर पंपासच दोषी ठरवी.

कारखान्याच्या पुस्तिकेचें नांवच 'तपासा, मोजा, जुळवा' अशा अर्थाचें होतें. एक कोनमापक झडपांच्या दांड्यावर, दुसरा पंपाच्या तरफेवर बसवावयाचा. झडपा अमुक अंश उघडल्या असतां तरफ किती अंश वळली हें पाहावयाचें. आणि फरक दिसल्यास दांडीची लांबी कमीअधिक करावयाची. मिश्रणास हात सर्वांत शेवटीं.

१९७३ पासून बॉशच्या के-जेट्रॉनिक योजनेंत आंत येणारी हवाच मोजून पेट्रोल दिलें जाऊं लागलें, आणि ही जुळणी मागें पडली. आज नव्या गाड्यांत बहुधा दांडीच नसते; पेडलाचा संदेश वीज नेते. तथापि जुन्या गाड्या जतन करणाऱ्यांच्या हातीं कोनमापक अद्यापि आहे.

न मोजतां दुरुस्तीस लागणें म्हणजे निरपराध्यास शिक्षा करणें होय. वर्गांत गोंगाट एकाचा आणि छडी दुसऱ्यास, असें माझ्या हातूनही घडलें आहे. त्या मुलांस आज एवढेंच सांगेन कीं, कोन मोजावयास शिकविणाऱ्यानेंही आधीं मोजावयास हवें होतें.