पादपीठ
पादपीठ : बसलेल्या माणसाच्या पायांना आधार देणारे साधन. प्राचीन ईजिप्तमध्ये ते सत्तेचे चिन्हही होते. तुतानखामेनच्या थडग्यात (शोध १९२२) सापडलेल्या पादपीठावर जखडलेले शत्रू दाखवले आहेत. राजा बसला की ते आपोआप त्याच्या पायांखाली येत. ब्रिटिशकालीन भारतातील मळेवाल्यांच्या आरामखुर्चीने हा आधार खुर्चीतच आणला : हातांखालच्या फळ्या पुढे फिरवायच्या आणि त्यांवर पाय पसरायचे. इतकी साधी, न बिघडणारी युक्ती क्वचितच आढळते. अमेरिकेत एडवर्ड क्नाबुश व एडविन शूमेकर यांनी १९२८ मध्ये मागे कलणारी लाकडी खुर्ची बनवली. पुढे अशा खुर्च्यांत पायटेकूही यंत्रणेने वर येऊ लागला. आसन उंच असून पाय लोंबकळले, तर त्याची कड मांडीखाली रुतते व रक्ताभिसरणात अडथळा येतो. कमी उंचीच्या व्यक्तीने अशा वेळी पायांखाली पाट घ्यावाच.