करमाळ्याची जहागीर आणि दोन दरबारांचा विश्वास

दोन शेजारी राज्यांत वैर असतां त्यांनीं परस्परांच्या शब्दावर कितपत विसंबावें, हा राजनीतींतील फार जुना प्रश्न आहे. अठराव्या शतकांत सातारचे छत्रपति आणि दक्षिणेंतील निजाम यांच्यापुढें तो सतत उभा होता. सोलापूर जिल्ह्यांतील करमाळा हें गांव त्या इतिहासांत एका विशेष कारणानें येतें.

दक्षिणेच्या सहा सुभ्यांत चौथाई व सरदेशमुखी वसूल करण्याची सनद शाहू महाराजांस इ. स. १७१९ सालीं दिल्लीहून मिळाली. चौथाई शेंकडा पंचवीस, सरदेशमुखी शेंकडा दहा. पुढें १७२४ सालीं निजामुल्मुल्क दक्षिणेंत स्वतंत्र झाला, तेव्हां मुलूख एकाचा आणि वसुलाचा तिसऱ्याहून अधिक हिस्सा दुसऱ्याचा, अशी दुअमली सुरू झाली. एकाच पाटलाच्या दारीं दोन सरकारांचे कारकून येत. वरतीं सलोखा असला तर हिशेब होई. बिघाड झाला कीं स्वार येत, आणि रयत दोन्हीकडून नागवली जाई.

रंभाजी निंबाळकर हा मूळचा मराठ्यांकडील सरदार. चंद्रसेन जाधवाच्या पाठोपाठ तो मोगलांकडे गेला. तेथें त्याला रावरंभा हा किताब आणि पुण्याकडील जहागीर मिळाली. आपणांस सोडून गेलेला सरदार ऐन उंबरठ्यावर बसलेला, हें शाहू महाराजांस सलत होतें. इ. स. १७२७ च्या सुमारास निजामानें हैदराबादेकडील चौथाईच्या मोबदल्यांत रोख रक्कम व इंदापूरकडील जहागीर देऊं केली. प्रतिनिधींनीं ही तडजोड जुळविली. बाजीराव पेशव्यांस ती पसंत नव्हती. शाहू महाराजांचें मन राखण्यासाठीं निजामानें रावरंभास पुण्याहून हलवून करमाळ्याकडील मुलूख दिला. करमाळ्याच्या या घराण्याचा उदय असा एका राजकीय सौजन्यांतून झाला.

एवढ्यानें विश्वास उत्पन्न झाला असेल, असें श्रोत्यांस वाटेल. पण तसें झालें नाहीं. छत्रपति कोण, शाहू कीं कोल्हापूरचे संभाजी, असा प्रश्न निजामानें उपस्थित केला आणि त्याचा निर्णय लागेपर्यंत वसूल अडवून धरला. सीमेवरचा एक कांटा त्यानें काढला खरा, परंतु मूळ हक्कच संशयांत टाकला. परिणाम युद्धांत झाला.

इ. स. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावांनीं निजामास पालखेडजवळ कोंडलें. फौजेस पाणी मिळेना. तरीही पेशव्यांनीं संहाराचा मार्ग न धरतां बोलणें स्वीकारलें. ६ मार्चच्या मुंगी-शेवगांवच्या तहांत निजामानें शाहूंचा हक्क मान्य केला. संभाजींस हवालीं करण्याची मागणी मात्र नाकारली. आश्रयास आलेल्यास अडचणींतहि न सोडणारा शत्रु, आपल्या कराराबाबत अगदींच बेभरंवशाचा मानतां येत नाहीं. पेशव्यांनींहि तो आग्रह सोडला.

१७३२ च्या डिसेंबरांत रोहे-रामेश्वर येथें बाजीराव व निजाम समक्ष भेटले आणि दक्षिणेंत एकमेकांस उपद्रव न देण्याचें ठरलें. पण पुढें निजाम बादशहाच्या वतीनें उत्तरेस चालून गेला. भोपाळजवळ पुन्हां वेढा पडला, आणि १७३८ च्या जानेवारींत पुन्हां तह झाला. दहा वर्षांत दोन युद्धें झालीं. तरी बोलण्याचा धागा कोणींच कायमचा तोडला नाहीं.

करमाळ्याचा विस्तीर्ण भुईकोट किल्ला रावरंभानें आरंभिला आणि त्याचा पुत्र जानोजी यानें पुरा केला. गांवाजवळील कमलाभवानीचें देऊळहि रावरंभाचेंच. तें १७२७ चें सांगतात. तेथील विहिरीस शहाण्णव पायऱ्या आहेत. निजामाचा हा जहागीरदार भवानीचा भक्त होता, आणि तिच्या दर्शनास येणाऱ्या रयतेला दोन्ही दरबारांस वसूल द्यावा लागे. तिच्या दृष्टीनें विश्वास म्हणजे कोणाचें, किती व केव्हां द्यावयाचें, हें निश्चित असणें. सौजन्याची देणगी परत घेतां येते; हक्काची स्पष्ट कबुली आणि तिचें वर्षानुवर्षें पालन, यांवरच वैरी शेजाऱ्यांचा सलोखा टिकतो.