महाराजांची पाठ

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत महाराज सयाजीराव गायकवाडांची एक गोष्ट मुलांना सांगितलीच जाते. दिल्ली दरबारात महाराज पंचम जॉर्जसमोर ताठ मानेनं गेले, वाकलेच नाहीत, पाठ फिरवून चालते झाले. माझे आजोबा हे सांगताना खुर्चीतून उठत आणि पाठ कशी फिरवली ते करून दाखवत. पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले, त्या प्रसंगाची फिल्म पाहिली, आणि गोष्ट इतकी सरळ राहिली नाही.

१२ डिसेंबर १९११. प्रत्येक संस्थानिकानं तीनदा वाकायचं आणि बादशहाकडे तोंड ठेवूनच सात पावलं मागे यायचं, असा दंडक होता. निजामांनंतर महाराज आले. साधा पांढरा पोशाख, अंगावर राजाला शोभतील असे दागिने नाहीत, हातात काठी. एकदा वाकले, वळले आणि निघाले. सगळं काही सेकंदांत आटोपलं. म्हणजे ‘वाकलेच नाहीत’ हे खरं नाही.

ते काही सेकंद ब्रिटिश कंपन्यांच्या कॅमेऱ्यांनी टिपले होते. लंडनच्या वर्तमानपत्रांनी राजद्रोहाची ओरड केली आणि त्या ओरडीमुळे तीच दृश्यं बघायला लोक थिएटरांत जाऊ लागले. १९७६ साली अमेरिकेत पॅडी चायेफ्स्कीनं लिहिलेला ‘नेटवर्क’ हा सिनेमा आला. लोकांचा संताप विकून टीव्हीच्या बातम्या कशा चालतात, यावर त्यानं कोरडे ओढले आहेत. तो धंदा त्याआधी ६५ वर्षं आमच्या महाराजांच्या पाठीवर झाला होता, हे मला आजही झोंबतं.

महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंगना पत्र लिहिलं. त्या थाटामाटात आपण गोंधळलो, अनादराचा हेतू नव्हता, असा खुलासा केला. ‘टाइम्स’नं ते पत्र छापलं. आमच्याकडची गोष्ट हे पत्र गाळते, आणि ते मला मुळीच पटत नाही. महाराजांनी ते का लिहिलं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. १८७५ साली इंग्रजांनी आधीचे महाराज मल्हारराव यांना बडोद्याच्या गादीवरून खाली खेचलं होतं. त्याच गादीवर नाशिककडच्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक बसला, तो सयाजीराव झाला. राज्य कसं जातं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

इंग्रजांचा त्यांच्यावरचा संशयही जुना होता. अरविंद घोष १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. त्यांचा बंगला, आजचं अरविंद निवास, आमच्या दांडिया बाजारातच आहे. १९०८ साली अलीपूरच्या बॉम्ब खटल्यात अरविंदांना अटक झाली. अशा माणसाला तेरा वर्षं पदरी ठेवणारा राजा नुसता गोंधळला, हे कुठला इंग्रज मानणार?

माझं मत विचाराल तर दागिने उतरवणं गडबडीत होत नाही. ते ठरवूनच केलेलं असणार. वळण्याबद्दल मात्र मी आजोबांइतकी ठाम नाही. मुलांना मी फिल्म दाखवायची, पत्राचा मजकूर सांगायची आणि मग मल्हाररावांकडे यायची. पत्राचं ऐकून काही मुलं हिरमुसायची. त्यांना मी सांगायची, की ज्यानं १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या राजाला ते काम पुढे चालू ठेवायचं होतं, आणि त्यासाठी गादीवर राहणं भाग होतं.