पाण्याची साक्ष

आमच्या येळ्ळूरच्या शिवारात मे महिन्याच्या अखेरीस धूळवाफ पेरणीची लगबग सुरू होते. त्याआधी बियाण्याची पारख व्हावी लागते, आणि ती पारख पाणी करते. दहा लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भात ओतले, की पोचट दाणे वर येतात आणि भरलेले तळाशी बसतात. वरचे काढून टाकावयाचे. तळचे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावयाचे. बाहेरून पाहू गेल्यास दोन्ही दाणे सारखेच. पण पोचट दाण्याच्या तुसाआड तांदुळाऐवजी हवा असते.

येथे दाण्याच्या वजनाला एकट्याला महत्त्व नाही. चिमूटभर लोखंडाचा खिळा बुडतो आणि चार माणसांना न उचलणारा सागाचा ओंडका तरंगतो. वस्तू जेवढी जागा व्यापते तेवढ्या जागेतील पाण्याहून ती जड असेल तर बुडते, हलकी असेल तर तरंगते. यालाच आपण घनता म्हणतो. पाण्याची घनता 1 धरली तर चांदीची सुमारे 10.5 आणि सोन्याची 19.3 भरते. मीठ घातले की पाणी स्वतःच किंचित जड होते, आणि अर्धवट भरलेले दाणेही वर येऊ लागतात. म्हणजे परीक्षा थोडी अवघड होते, एवढेच. सिराक्यूझच्या आर्किमिडीजने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हा नियम ग्रंथात बांधला. त्याच्या आणि सोन्याच्या मुकुटाच्या गोष्टीची पुनरुक्ती वाचकांसाठी करीत नाही; ती शाळेतच होऊन गेलेली असते.

आम्हांस कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. दाण्याचा निवाडा करणाऱ्या पाण्याकडे माणसाने माणसाचाही निवाडा सोपविला होता.

आम्ही वकील मंडळी ‘मिताक्षरा’ उघडतो ती बहुधा वाटणीच्या दाव्यात. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य (1076–1126) याच्या काळात, कल्याणी येथे, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ही टीका लिहिली. त्याच ग्रंथाच्या व्यवहाराध्यायात दिव्यांचे प्रकरण आहे. तुला, अग्नि, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये याज्ञवल्क्याने सांगितली आहेत. त्यांतील जलदिव्य असे: एक मनुष्य पाण्यात उभा राहावयाचा, आरोपीने वरुणाचे स्मरण करून, त्याच्या मांड्या धरून, पाण्याखाली बुडी मारावयाची. त्याच क्षणी बाण सोडावयाचा आणि वेगवान धावणाऱ्याने तो परत आणावयाचा. तो परतेपर्यंत आरोपी पाण्याखालीच राहिला तर शुद्ध. वर आला तर दोषी.

मांड्या का धरावयाच्या, हा प्रश्न आमच्या मनात बराच काळ घोळत होता. उत्तर धर्मशास्त्रात नसून शरीरशास्त्रात सापडले. मनुष्यदेहाची घनता पाण्याच्या घनतेला अगदी लागून आहे. चरबी पाण्याहून हलकी, स्नायू थोडे जड, हाडे पुष्कळच जड. आणि या साऱ्यांवर मात करते ती छातीतील हवा. श्वास भरून घेतलेला देह बहुधा तरंगतो, श्वास सोडलेला बहुधा बुडतो. तेव्हा जलदिव्यास उतरलेल्याची कोंडी पाहा. दीर्घ काळ तगावे म्हणून छाती भरून घेतली, तर पाणीच त्याला वर ढकलणार. बुडावे म्हणून श्वास सोडला, तर बाण परतण्यापूर्वीच जीव कासावीस होणार! खाली धरावयास काही नसते तर निरपराधही वर आला असता. मांड्यांचा आधार देऊन स्मृतिकारांनी, ‘घनता’ हा शब्द हाती नसतानाही, तरंगण्या-बुडण्याचा भाग परीक्षेतून जवळजवळ वगळला, असे आमचे अनुमान आहे.

युरोपातील थंड पाण्याच्या दिव्यात ही सोय नव्हती. तेथे आरोपीला बांधून पाण्यात सोडीत. बुडाला तर निर्दोष, आणि दोराने वर ओढून घेत. तरंगला तर दोषी. पवित्र पाणी पाप्याला पोटात घेत नाही, ही त्यामागील समजूत. म्हणजे शुद्ध घनतेचाच खटला! अंगाने स्थूल मनुष्य तेथे हरावयाचा आणि काटक मनुष्य सुटावयाचा. सम्राट लुई द पायस याने 829 मध्ये या दिव्यास मनाई केली. 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना कोणत्याही दिव्यात भाग घेण्यास बंदी केली. तरीही इंग्लंडचा पुढे राजा झालेल्या जेम्सने 1597 च्या आपल्या पुस्तकात चेटकिणी ओळखण्यासाठी हीच परीक्षा ग्राह्य ठरविली.

आमच्या स्मृतिकारांची दक्षता मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. स्त्रिया, बालके, वृद्ध आणि रोगी यांना त्यांनी पाण्यात न उतरविता तुलेवर बसविले. थंडीच्या दिवसांत जलदिव्य देऊ नये, असे नारदाने सांगितले. पाणी संथ असावे, त्यात शेवाळ व जळवा नसाव्यात, येथपर्यंत बारकावे आहेत. जळवांची एवढी काळजी आणि छातीच्या मापाची काहीच नाही, हे वाचून आम्हांस हसू येते. पण ते फार वेळ टिकत नाही. कारण तरंगण्याचा प्रश्न सुटला तरी श्वासाचा प्रश्न उरतोच. नदीकाठी वाढलेला पट्टीचा पोहणारा आणि आमच्या माळावरचा, विहिरीत कधी न उतरलेला शेतकरी यांच्यापुढे एकच बाण सुटे.

आणि या दिव्याची वेळ कोणावर येई? याज्ञवल्क्याचा क्रम स्पष्ट आहे: लिखित, भुक्ती आणि साक्षी ही प्रमाणे प्रथम, ती नसतील तेव्हाच दिव्य. ज्याच्यापाशी कागद होता, वहिवाट होती, बाजूने बोलणारे चार लोक होते, त्याला पाय ओले करावे लागत नसत. पाण्यात उतरे तो बहुधा ज्याचे कोणी नव्हते तो.