गंभीर मारहाणीत शिक्षा झाली, आता अपील कुठे आणि किती दिवसांत?

शहाडमध्ये भांडण झाले, लोखंडी रॉडने एकाचे हाड मोडले आणि खटल्याअंती आरोपीला तुरुंगवास झाला, असे समजा. निकाल लागला म्हणजे सगळे संपले, असे घरच्यांना वाटते. पण अपिलाची मुदत निकालाच्या दिवसापासूनच मोजली जाते.

कलम कोणते?
धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत केल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम ११८(२) लागते. शिक्षा १ ते १० वर्षे किंवा जन्मठेप, शिवाय दंड. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनेला जुने कलम ३२६ लागू राहते. त्यात किमान शिक्षेची अट नाही. जिवे मारण्याचा प्रयत्न असेल तर कलम १०९ (जुने ३०७) लागते आणि खटला सत्र न्यायालयात चालतो.

अपील कुठे?
• उल्हासनगर किंवा कल्याणच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा निकाल असेल तर कल्याणच्या सत्र न्यायालयात, ३० दिवसांत.
• सत्र न्यायालयाचा निकाल असेल तर मुंबई उच्च न्यायालयात, ६० दिवसांत.

तुरुंगवास झाल्यास निकालपत्राची प्रत लगेच आणि मोफत मिळते. उशीर झाला तर सबळ कारण देऊन तो माफ करण्याची विनंती करता येते.

अपील केले की सुटका होते का?
नाही. शिक्षेला स्थगिती आणि जामीन यांसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत असेल आणि आरोपी आधीच जामिनावर असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील करण्यापुरता जामीन देऊ शकते. ज्या गुन्ह्यात दोषी ठरवले त्याला कायद्याने मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षांहून कमी नसलेली शिक्षा असेल, तर आधी सरकारी वकिलांना लेखी म्हणणे मांडण्याची संधी मिळते. हा अर्ज राहून गेला, तर अपिलाचा नंबर लागेपर्यंत लहान शिक्षा तुरुंगातच भोगून संपू शकते. स्थगिती मिळाली तरी दोषी असल्याचा शिक्का कायम राहतो.

न्यायालय काय करू शकते?
निर्दोष सोडणे, सौम्य कलम लावणे, शिक्षा कमी करणे किंवा फेरसुनावणीचा आदेश देणे. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला अपील करावे लागते. जखमी व्यक्ती निर्दोष सुटकेविरुद्ध, सौम्य कलमाविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करू शकते. मात्र ‘शिक्षा कमी झाली’ एवढ्याच कारणावर तिला अपील करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले.

वकिलाला पैसे नसतील तर?
कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तुरुंग अधिकाऱ्यांमार्फतही अपील पाठवता येते. विधी सेवेची हेल्पलाइन १५१०० आहे. वकील गैरहजर राहिला एवढ्यावरून अपील फेटाळता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे.